सकाळचीच गोळी

दर बुधवारी दहाच्या ठोक्याला आयलीबाई कोस्केला माझ्या दुकानात येऊन बसतात आणि माझंच गिऱ्हाईक पळवतात. टॅमरॅक गावात औषधांचं दुकान एकच, ते माझं. या बाई वाढदिवसाच्या कार्डांच्या मांडणीशेजारी दोन खुर्च्या टाकतात, माझ्या हीटरची ऊब घेतात, माझी कॉफी पितात आणि समोरच्याला सांगतात, "हायडीकडे ही गोळी महाग आहे रे. चाळीस मैलांवरच्या त्या मोठ्या दुकानात निम्म्यात मिळेल. शुक्रवारी कोंबड्यांचं खाद्य आणायला जातोसच ना तिकडे?"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. आता सवय झाली. एक तर त्या खोटं बोलत नाहीत. आणि दुसरं, त्यांना उठवायची माझी छाती नाही. चौतीस वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली. गावातला पन्नाशीच्या आतला प्रत्येक माणूस त्यांच्या बसमधून गेलेला आहे, मीसुद्धा. आज मी केमिस्ट आहे, पांढरा कोट घालते, पण त्यांनी चष्म्यावरून बघितलं की माझी पाठ आपोआप ताठ होते.

औषधांचा नाद त्यांना बसमुळेच लागला. वीसेक वर्षांपूर्वी आमच्या उत्तर मिशिगनमधली म्हातारी माणसं गोळ्या घ्यायला पूल ओलांडून कॅनडात जायची. तिकडे तीच गोळी पाव किमतीत. कोणीतरी बस भाड्याने घेतली आणि चालवायला आयलीबाईंना बोलावलं. दोन वर्षं त्यांनी महिन्यातून एकदा चाळीस म्हाताऱ्यांना पलीकडे नेलं आणि आणलं. परतताना सरहद्दीच्या नाक्यावरचा शिपाई विचारायचा, "सामानात काही सांगण्यासारखं?" त्यावर या म्हणायच्या, "चाळीस जणांचे चाळीस आजार. वेळ आहे का तुम्हाला?" पुढे ते जाणं बंद पडलं, गुडघाही कुरकुरायला लागला, पण तोवर बाईंना कळून चुकलं होतं की औषधाचा भाव हा दगडावर कोरलेला नसतो. तो विचारणाऱ्याप्रमाणे बदलतो.

त्यामुळे आमच्या गावात आता कोणी मुकाट्याने गोळी घेत नाही. आधी विचारतं, "विमा न लावता केवढ्याला?" ऐकून परगावच्या माणसाला हसू येईल, पण कितीतरी गोळ्या अशा आहेत की विमा लावला तर वीस डॉलर आणि न लावता नऊ. ही गंमत मी होऊन कोणाला सांगत नव्हते, कबूल करते. आयलीबाईंनी ती चव्हाट्यावर आणली. मग जेनेरिक, म्हणजे तीच गोळी बिननावाची आणि स्वस्त, आहे का, ते विचारायचं. एका महिन्याऐवजी तीन महिन्यांचं घेतलं तर काय पडतं, ते विचारायचं. फोन उचलून तीन दुकानांत भाव काढायचा, आणि दुकानदार चिडला तर चिडू द्यायचा. दुप्पट ताकदीची गोळी त्याच भावात असेल तर डॉक्टरला विचारून मधोमध कापायची. पण हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्यांना सुरी लावायची नाही, म्हणजे नाहीच. एकदा डेल नावाच्या लाकूडतोड्याने तसली गोळी खिशातल्या चाकूने कापलेली त्यांनी पाहिली. पंचेचाळीस वर्षांचा, अस्वलाएवढा माणूस तो.

"डेल, ही गोळी आहे की सरपण?"

"अर्धी घेतली की दुप्पट दिवस पुरते बाई."

"कापलीस की दिवसभराचं औषध एका तासात पोटात सांडतं. मग तू पुरशील का दुप्पट दिवस? ठेव तो चाकू. आणि सगळ्या डब्या पिशवीत घालून आण, पुढच्या बुधवारी."

डेलने पिशवी आणली. अकरा डब्या निघाल्या. त्यातल्या तीन कशासाठी आहेत ते त्यालाही माहीत नव्हतं आणि चिठ्ठी लिहिणारा डॉक्टर केव्हाच फ्लोरिडाला राहायला गेला होता. "सर्वांत स्वस्त गोळी कुठली?" आयलीबाईंनी विचारलं आणि स्वतःच सांगितलं, "जी बंद करता येते ती. जा, डॉक्टर बेनेटना दाखव."

या सगळ्याच्या वरचं शेवटचं अस्त्र म्हणजे फॉर्म. ज्या गोळ्यांना जेनेरिक नाही आणि भाव ऐकून डोळे पांढरे होतात, त्या बनवणाऱ्या कंपन्या कमी मिळकतीच्या माणसाला त्या फुकट देतात. फक्त मागावं लागतं. सहा पानं भरायची, कराचा कागद जोडायचा, डॉक्टरची सही घ्यायची आणि एक चौकट रिकामी राहिली म्हणून परत आलं की न कंटाळता पुन्हा पाठवायचं. आयलीबाईंनी असे शंभरावर फॉर्म भरले असतील. फॉर्म भरताना माणूस लाजेने जमिनीत जातो, मिळकतीचा आकडा पुटपुटतो, तेव्हा त्या म्हणतात, "मोठ्याने सांग. मी तुझ्या नाकातला शेंबूड पुसलाय, पगाराची कसली लाज?"

आता त्यांच्या दिराची गोष्ट सांगते. रेनो कोस्केला, आयलीबाईंच्या नवऱ्याचा धाकटा भाऊ. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. रेनो अडुसष्ट वर्षांचा, लग्न केलं नाही, तळ्याकाठी एकटा राहतो, हातात जोर होता तोवर जंगलात लाकूड तोडलं. आमची सगळी फिनिश वंशाची वस्ती तशी अबोलच, पण रेनो अबोलांतला अबोल. आमच्याकडे कसं काय विचारलं तर 'चाललंय' म्हणतात. पाय मोडला असेल तर 'चाललंय हळूहळू' म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी रेनोच्या पायांना सूज आली, चार पायऱ्या चढला की धाप. हृदय अशक्त झालंय, असं डॉक्टर बेनेट म्हणाल्या. या तरुण डॉक्टरबाई दर मंगळवारी शहरातून आमच्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात येतात. त्यांनी रेनोला एक नवी गोळी लिहून दिली, दिवसातून दोनदा. चांगली गोळी, फक्त रक्तदाबही खाली आणते. तिने माणसं वर्षानुवर्षं उभी राहिलेली मी पाहिली आहेत. पण जेनेरिक नव्हतं आणि त्याचा विमा थोडाच वाटा उचलायचा, तोही सप्टेंबरपर्यंत. रेनोने पहिल्यांदा भाव ऐकला, टोपी काढली, पुन्हा घातली आणि पैसे दिले.

औषधाच्या दुकानातल्या पडद्यावर माणसाबद्दल जेवढं कळतं तेवढं पाद्र्यालाही कळत नसेल. महिन्याच्या गोळ्या नेणारा रेनो दुसऱ्यांदा आला तो दोन महिन्यांनी. तिसऱ्यांदा पुन्हा दोन महिन्यांनी. मला दिसत होतं. तारखा समोर होत्या. मी एकदा म्हटलंसुद्धा, "रेनोकाका, घेताय ना वेळेवर?" तो म्हणाला, "चाललंय." आणि मागे रांग होती, म्हणून मी पिशवी त्याच्या हातात दिली. हे लिहिताना आजही मला स्वतःचा राग येतो.

तिकडे डॉक्टर बेनेट तपासायच्या. सूज थोडी कमी, पण हवी तेवढी नाही. गोळीची ताकद वाढवली. तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं, पुन्हा तेच. आणखी वाढवली, आता याच्या वर ताकद नाही. प्रत्येक वेळी त्या विचारायच्या, दोन्ही वेळेला घेता ना? रेनो मान हलवायचा. परक्या, शिकलेल्या, पोरीच्या वयाच्या बाईला पैसे पुरत नाहीत म्हणून सांगायचं, त्यापेक्षा आमच्यातला पुरुष बर्फातल्या भोकात उडी मारेल.

यंदा जानेवारीत आयलीबाईंना त्या गोळीचा भाव कळला. रेनोला घेऊन त्या बुधवारी आल्या आणि त्याला समोरच्या खुर्चीत बसवलं.

"दोन वर्षं एवढे पैसे भरतोयस आणि मला बोलला नाहीस? मी काय गावाला तोंड दाखवायला बसते इथे?"

"तू विचारलं नाहीस वहिनी."

"तू बोलशील तेव्हा विचारीन ना! सही कर. इथे. आणि इथे."

चिठ्ठीवर लिहिलं होतं तेच आयलीबाईंनी फॉर्मवर उतरवलं. सर्वांत वरची ताकद, दिवसातून दोन. फेब्रुवारीच्या शेवटी तीन महिन्यांच्या गोळ्या टपालाने फुकट आल्या. रेनोने आयुष्यात पहिल्यांदा वहिनीला बेकरीतून वेलचीचा पाव आणून दिला. आणि फुकट मिळाल्या म्हणून पुढच्या सोमवारपासून तो इमानदारीत सकाळ-संध्याकाळ दोन्ही गोळ्या घेऊ लागला.

शनिवारी आमच्याकडे सौना. लग्न, मयत, निवडणूक काही असो, शनिवारी सौना चुकत नाही. तळ्याकाठची लाकडी खोली, भट्टीवर तापलेले दगड, त्यावर पाण्याचा ओंजळभर शिडकावा आणि अंगावर येणारी वाफ. आयलीबाई दर शनिवारी दुपारी रेनोकडे जातात. आधी बायका, मग पुरुष, ही रीत. त्या शनिवारी आयलीबाई आटोपून स्वयंपाकघरात कॉफी करत होत्या. रेनोला जाऊन अर्धा तास झाला. त्यांनी दार वाजवलं.

"रेनो, दगड शिजवतोयस की काय?"

आतून आवाज नाही. दार उघडलं तर तो बाकाखाली आडवा, दंड भट्टीला टेकलेला. बहात्तर वर्षांच्या, गुडघा गेलेल्या बाईने त्या माणसाला बगलेत धरून ओढत बाहेरच्या खोलीत आणलं. अँब्युलन्सला पस्तीस मिनिटं लागली. कपाळाला नऊ टाके, दंडावर भाजल्याचा पट्टा, आणि रक्तदाब इतका खाली की अँब्युलन्समधल्या पोराने यंत्र बिघडलं असं समजून दोनदा लावलं.

सोमवारी आयलीबाई दुकानात आल्या. सोमवार हा त्यांचा वार नव्हे. कोट न काढताच काउंटरशी उभ्या राहिल्या.

"हायडी, मी मारलं असतं त्याला. त्या गोळ्या मीच आणून दिल्या."

"आयलीबाई, त्या तो दोन वर्षं घेतोच आहे."

"मग आताच काय झालं?"

मला ठाऊक होतं काय झालं. पण एका गिऱ्हाइकाचं दुसऱ्याला सांगायचं नसतं, मग ती सख्खी वहिनी का असेना. "त्यांनाच विचारा," म्हटलं.

"विचारलं. चाललंय म्हणाला."

मंगळवारी अकराला दवाखान्यातून डॉक्टर बेनेटचा फोन आला. रेनो तपासायला आला होता, त्याच्या औषधांची दोन वर्षांची यादी त्यांना हवी होती. फॅक्स करता आलं असतं. मी दाराला पाटी लावली आणि यादीच्या दोन प्रती घेऊन स्वतः गेले.

रेनो तपासणीच्या टेबलावर टोपी हातात घेऊन बसला होता, कपाळाला पट्टी. आयलीबाई खुर्चीत. डॉक्टर बेनेट त्यालाच सांगत होत्या, "हे औषध तुम्हाला मानवत नाही असं दिसतंय. एवढी ताकद वाढवूनही हृदयात म्हणावी तशी सुधारणा नव्हती, आणि आता अचानक दाब कोसळला. मी ते बंद करते. शहरातल्या हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवते. छातीत यंत्र बसवावं लागेल कदाचित."

"बरं," रेनो म्हणाला.

त्याला वाचवू शकेल अशी एकच गोळी, आणि ती हा माणूस 'बरं' म्हणून सोडून देत होता. मी कागद डॉक्टरांच्या हातात दिला. त्यांनी वाचला आणि कपाळाला आठ्या पडल्या.

"रेनो, या तारखा... वर्षात सहाच वेळा गोळ्या नेल्यात तुम्ही?"

"जंगलात असतो मी. राहून गेलं असेल."

"रेनोकाका," मी म्हटलं.

"राहून गेलं असेल म्हटलं ना."

आयलीबाईंनी माझ्या हातातल्या दुसऱ्या प्रतीवर नजर टाकली. शंभर माणसांच्या डब्या पाहिलेली बाई ती, तिला दोन सेकंद पुरले.

"सकाळचीच घेत होतास! रेनो, दोन वर्षं तू सकाळचीच घेत होतास, आणि या बाई तुझी ताकद वाढवत बसल्या. आणि मी मूर्ख, फुकट आणून दिल्यावर तू दोन्ही ठोकल्यास. सांग त्यांना! तोंड उघड, नाहीतर बंद करतायत त्या औषध!"

रेनोचं तोंड लाल झालं. तो इतका बोललेला मी कधी ऐकला नव्हता.

"मला काय शिकवतेस वहिनी? तू घेतेस का दोन्ही वेळेला? तुझी ती रक्त पातळ करायची गोळी. शनिवारी माझ्या स्वयंपाकघरात ती आठवड्याच्या खणांची डबी उघडतेस ना, संध्याकाळचे खण कायम रिकामे. नुसते रिकामे नाहीत, कधी भरलेलेच नसतात. मला आंधळा समजतेस?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि मी जमिनीकडे. कारण आयलीबाईंच्या तारखाही माझ्या पडद्यावर होत्या. दोन महिन्यांनी एकदा. मी त्याही पाहिल्या होत्या, आणि जी बाई सगळ्या गावाला औषध मिळवून देते ती स्वतःचं बघत असेल, कुठून तरी स्वस्तात आणत असेल, अशी मनाची समजूत घालून बसले होते. ती गोळी नुसती सकाळची घेतली तर काय होतं? बरेच दिवस काही होत नाही. आणि मग एका सकाळी तोंड वाकडं होतं, हात उचलत नाही. मला हे सर्वांत आधी कळायला हवं होतं, आणि मला लाज वाटली.

ज्यांना उत्तरासाठी कधी श्वास घ्यावा लागला नाही त्या आयलीबाई आपल्या पर्सचा बंद हातात गुंडाळत राहिल्या.

"नाही घेत," शेवटी त्या म्हणाल्या. "सकाळची घेते. गेल्या वर्षीच्या मे महिन्यापासून."

डॉक्टर काही बोलणार होत्या, पण त्याआधी रेनो बोलला. आवाज खाली आला होता.

"मी पण सकाळचीच. पहिल्या महिन्यापासून. ती म्हणते ते खरं आहे. लिहून घ्या."

डॉक्टर बेनेट स्टुलावर बसल्या. रागावल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "मग औषध तुम्हाला मानवत नाही असं मी म्हणूच शकत नाही. तुम्ही ते कधी नीट घेतलंच नाहीत, आणि मी विचारलं ते मान हलवता येईल असं विचारलं." त्यांनी सर्वांत वरच्या ताकदीवर काट मारली, दाब वर आला की सर्वांत खालच्या ताकदीची दिवसातून दोनदा सुरू करायची म्हणून लिहिलं, आणि तोवर सौना बंद. सौना बंद म्हटल्यावर रेनोचा चेहरा छातीत यंत्र बसवायचं ऐकून उतरला नव्हता तेवढा उतरला.

मग त्या आयलीबाईंकडे वळल्या. "तुमच्या गोळीलाही कंपनीचा फॉर्म असतो ना? मी त्यावर दुसऱ्यांसाठी सह्या केल्यात. तुमच्याच अक्षरात भरलेल्या."

"असतो."

"मग?"

"घरात आहे. तीनदा आणला." आयलीबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "दुसऱ्याचा भरताना काही वाटत नाही. स्वतःचा घेऊन बसलं की वाटतं, एवढं कुठे वाईट चाललंय आपलं. दुसऱ्या कोणाला जास्त गरज असेल. आणि मग ते पान येतं."

कुठलं पान ते मला विचारावं लागलं नाही.

"हायडी, तुझ्याकडे असेल ना तो फॉर्म?" रेनोने विचारलं.

मी दुकानात जाऊन घेऊन आले. मी येईपर्यंत दोघं बाहेरच्या खोलीतल्या बाकावर येऊन बसले होते, मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. रेनोने फॉर्म माझ्याकडून घेतला, मांडीवर टोपी ठेवून टोपीवर ठेवला आणि पेन मागितलं.

"दे इकडे. तुझं अक्षर कोंबडी चालल्यासारखं आहे," आयलीबाई म्हणाल्या.

"वाचतील. त्यांना पगार मिळतो वाचायचा." त्याने नाव लिहिलं, पत्ता लिहिला. जन्मतारीख विचारली, त्यांनी सांगितली. घरात माणसं किती, त्याने विचारलंच नाही, एक लिहिलं. मग पान उलटलं.

"महिन्याची मिळकत?"

रेनो वर न बघता पेन धरून थांबला. त्याला थांबता येतं, जन्मभर तो तेच करत आलाय. माझं दुकान उघडायचं होतं, पण मी दाराशीच उभी राहिले.

त्यांनी आकडा सांगितला. मोठ्याने नाही, पण ऐकू येईल असा. यंदाच्या जानेवारीत रेनोचा फॉर्म त्यांनीच भरला होता, त्यामुळे त्याचा आकडा आम्हा तिघांनाही माहीत होता. हा त्याहून कमी होता, बराच कमी.

रेनोने तो सावकाश लिहिला, पुन्हा एकदा नीट वाचला आणि पुढचा प्रश्न विचारला.